सरंजाम्यांचा कागद आणि माझी टाकी

मनोहर सरंजामे आपले मनगटी घड्याळ कारखान्याच्या भोंग्याशी कधीही जुळवीत नसत. पिपलानी या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या साऱ्या क्वार्टरांचा संसार त्या भोंग्यावर चालत असे. त्यावर कुकर चढत, त्यावर मुलांना उठवले जाई आणि त्यावरच नळाला पाणी येण्याची वाट पाहिली जाई. सरंजामे मात्र सकाळी दात घासून झाले की शेजारच्या चार घरांत डोकावत, प्रत्येक घरातले भिंतीवरचे घड्याळ पाहत, चारही वेळांची बेरीज करून तिला चारांनी भागत आणि जे उत्तर येईल ते आपल्या घड्याळात लावीत. या चारांपैकी तिवारींचे घड्याळ मुळातच बरेच पुढे असे, कारण तिवारींना गाडी चुकण्याची भीती वाटे. त्यांना कुठे जायचे असे अशातला मात्र भाग नाही. परिणामी सरंजामे रोज फाटक उघडण्यापूर्वीच कारखान्याशी पोहोचत आणि सायकल धरून बंद फाटकासमोर उभे राहत. कोणी विचारलेच, तर फाटकाकडे सहानुभूतीने पाहून म्हणत, "भोंगा मागं पडला वाटते."

हे सांगण्याचे कारण असे, की गेल्या महिन्यात सोनागिरीला आमच्या मराठी मंडळात त्यांची श्रद्धांजली सभा झाली. निवृत्तीनंतर ते अमरावतीला पुतण्याकडे गेले होते आणि तिथेच वारले. सभेत पाठक नावाच्या गृहस्थांनी भाषण केले. पाठक नोकरीत रुजू झाले तेव्हा सरंजाम्यांच्या निरोप समारंभाचे हार सुकत आले होते, म्हणजे पाठकांची सारी माहिती ऐकीव. त्यांनी सांगितले, की सरंजामे हे चालतेबोलते संगणक होते. संगणक नव्हते त्या काळात त्यांनी अजस्र ट्रान्सफॉर्मरांची विद्युत्क्षेत्रे एकट्याने, हाताने सोडवली. आणि गणितापायी त्यांनी लग्नही केले नाही. यावर टाळ्या पडल्या. श्रद्धांजली सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांकडून मी फारशी अपेक्षा ठेवीत नाही.

चहाच्या वेळी दुसरे मत कानावर आले. तिवारींचा मुलगा आता महाराणा प्रताप नगरात कोचिंग चालवतो. तो समोसा हातात धरून म्हणाला, "अंकल, सच बताऊँ? सरंजामे अंकल चार गुना मेहनत करते थे। इतनी सी बात उनको समझ में नहीं आई कि एक चौथाई निकाल लो, बाक़ी अपने-आप आ जाता है।"

दोघांचेही चूक आहे. सरंजामे अलौकिक नव्हते आणि मूर्खही नव्हते. पैकी अलौकिक नव्हते हे मी अधिक ठामपणे सांगू शकतो, कारण त्या काळी आमच्या कारखान्यात या विषयातले जे काही थोडेफार अलौकिक होते ते प्रयोगशाळेत बसत असे, आणि प्रयोगशाळेत मी एकटाच बसत असे.

प्रथम लग्नाचे. गणितापायी वगैरे काही नाही. पाठच्या बहिणींची लग्ने उरकेपर्यंत सरंजामे थांबले, आणि ती उरकली तोवर त्यांना विचारणारे कोणी उरले नव्हते. इतकी साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टीवर भाषण होत नाही.

आता कामाचे. तेलाने भरलेली एक चौकोनी पोलादी पेटी आहे आणि तिच्या मधोमध उच्च दाबाची तांब्याची नळी गेली आहे, अशी कल्पना करा. पेटीचा दाब, म्हणजे विजेचा दाब, शून्य, नळीचा हजार धरा. मधल्या तेलात प्रत्येक ठिकाणी दाब किती, आणि तो कुठे इतका घाईने उतरतो की तिथे ठिणगी पडेल, हा प्रश्न. कोपऱ्यात ठिणगी पडली तर कित्येक महिन्यांचे काम जळून जाते, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता.

तो सोडवण्याचे दोन मार्ग होते. माझा मार्ग टाकीचा. लाकडी चौकटीत उथळ टाकी, तळाला काच, त्यात पाणी, पाण्यात नळीच्या आणि पेटीच्या आकाराचे तांब्याचे पत्रे, आणि दाब मोजणारी बारीक सुई. पाण्यात सुई टेकवली की त्या जागेचा दाब काट्यावर दिसतो. पाणी बेरीज करीत नाही, भागाकार करीत नाही. जे आहे ते सांगते. ती टाकी मी स्वतः सुताराशेजारी बसून करवून घेतली होती. तिच्या चार पायांना पातळी साधण्याचे स्क्रू होते, कारण टाकी कलली की आकडे बिघडतात, आणि काचेवर कोणी हात टेकलेला मला खपत नसे.

सरंजाम्यांचा मार्ग कागदाचा. पेटीची आकृती मोठ्या कागदावर काढायची, तिच्यावर बारीक चौकटी आखायच्या, आणि प्रत्येक छेदबिंदूवर मनाला येईल तो आकडा लिहायचा. होय, मनाला येईल तो. मग एकेका बिंदूपाशी जायचे, त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेल्या चार आकड्यांची सरासरी काढायची, जुना आकडा खोडायचा आणि ही सरासरी लिहायची. साऱ्या कागदावरून असे फिरायचे, पुन्हा फिरायचे, पुन्हा फिरायचे. हळूहळू आकडे बदलेनासे होतात आणि खोडरबराला काम उरत नाही. सरंजामे त्याला 'स्थिरावणे' म्हणत. अशा रीतीने थापांतून सत्य निघते, हे मी नाकारीत नाही. निघते. पण माझ्या पाण्याला थाप मारून सुरुवात करावी लागत नसे, एवढेच माझे म्हणणे.

या पद्धतीने माणसाचे डोके फिरते, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले. घड्याळाचे मी सांगितलेच. क्वार्टराला आतून रंग द्यायची पाळी आली तेव्हा शेजारच्या तिवारींकडे गुलाबी, नायरांकडे हिरवा, मुखर्जींकडे निळा आणि आमच्याकडे पिवळा होता. सरंजाम्यांनी चारही रंग सारख्या मापाने एका बादलीत ओतायला लावले. रंगारी बादलीत पाहून घाबरला.

"साब, ये कौन सा रंग हुआ?"

"पड़ोसियों का," सरंजामे म्हणाले. "लगा दो."

त्या रंगाला कोणत्याही भाषेत नाव नव्हते. पावसात वाळत घातलेल्या पोत्यासारखा तो दिसे. पण सरंजामे खुर्चीत बसून त्या भिंतीकडे असे बघत, जणू समोर आरास मांडली आहे.

कोणाचे भांडण झाले तर सरंजामे मध्ये पडत आणि म्हणत, "आधी कडा पक्क्या करा. कडेला काय आहे ते सांगा, मधलं आपोआप ठरते." कोणाच्या मुलाला मार्क कमी पडले तर म्हणत, "अजून स्थिरावला नाही जी तो." आमटीत मीठ किती असावे हे ठरवण्यासाठी ते एका रविवारी चार घरांत चमचा घेऊन फिरले होते, आणि ही गोष्ट बायकांना इतकी आवडली, की पुढचा महिनाभर प्रत्येकीला आपली आमटी त्यांना चाखवायची होती. मी माझ्या घरात अनेक वर्षे आमटी खात होतो. मीठ कसे झाले आहे असे मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

एकट्याने काम केले, हे पाठकांचे दुसरे असत्य. एका मोठ्या कामाच्या वेळी हाताखालची माणसे अपुरी पडू लागली तेव्हा सरंजाम्यांनी आमच्या मुख्य डिझायनरांकडे, वर्मासाहेबांकडे, एक मागणी केली. आकृतीचे चार भाग करून चार घरांत द्यावेत. कागदावर नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. घरातली जी कोणी शिकलेली असेल तिने दुपारी फावल्या वेळात सरासरी काढावी. वर्मासाहेबांना हात फुकट मिळत होते. ते हो म्हणाले. आणि त्या दिवसापासून वरचा डावा भाग तिवारीभाभींकडे, वरचा उजवा नायरबाईंकडे, खालचा डावा मुखर्जीबाईंकडे आणि खालचा उजवा माझ्या घरी, कुमुदकडे, माझ्या पत्नीकडे आला.

अडचण अशी, की कागद कापला म्हणून आकडे कापले जात नाहीत. कुमुदच्या वरच्या कडेवरच्या बिंदूला वरचा शेजारी लागतो, आणि तो शेजारी नायरांच्या जेवणाच्या टेबलावर. तेव्हा कडेचे आकडे एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचवावे लागत. हे काम सरंजाम्यांनी स्वतःकडे घेतले. रोज संध्याकाळी कारखाना सुटला की त्यांची सायकल निघे.

"वहिनी, नायरबाईंचे वरचे आकडे आणले. आणि रसमची पूडही दिली आहे त्यांनी."

"बसा हो. आज आकडे लवकर स्थिरावतच नाहीत."

"मग सरासरीच्या जरासं पुढं लिहा जी. तिसऱ्या ओळीत आकडा चढतोच आहे ना? मग त्याला थोडं पुढं ढकला. तो तिथं जाणारच आहे, आपण वेळ वाचवायचा."

"पुढं ढकलून चुकलं तर?"

"चुकलं तर शेजारी मागं ओढतात की."

ही युक्ती शास्त्रशुद्ध आहे, हे मला मान्य करावे लागते. पण कुमुदने ती साऱ्या घरभर लावली. मी रागावण्याच्या बेतात दिसलो की ती रागावून घेई आणि म्हणे, "तुम्ही तिथं जाणारच होता." आणि सरंजाम्यांसमोर ती ज्या मोकळेपणाने हसे, त्या हसण्याचा आवाज लग्नानंतर मी आमच्या घरात ऐकला नव्हता. आत्मस्तुती नको म्हणून सांगत नाही, पण विनोद मीही करीत असे.

तिवारीभाभींची तीच गत. मी तिवारींकडे गेलो तर "आइए, ये अंदर हैं" एवढेच. सरंजाम्यांची घंटी वाजली की त्या हाताला पीठ असतानाच दारात. "आ गए भाईसाब? पहले ये बताइए, देवधर भाभी का कोना बैठा कि नहीं?" देवधर भाभी म्हणजे आमची कुमुद, आणि बैठा म्हणजे आकडे स्थिरावले का. चार घरांतल्या बायका एकमेकींच्या मुलांपेक्षा एकमेकींच्या कोपऱ्यांची अधिक चौकशी करू लागल्या होत्या. बाहेरून पाहुणे आले की वर्मासाहेब त्यांना ते कागद दाखवीत: "हमारी कॉलोनी की महिलाएँ!" पाहुणे डोलत. माझ्या प्रयोगशाळेवरून पुढे जाताना वर्मासाहेब नुसता हात करीत: "इधर देवधर का पानी-वानी है।"

पानी-वानी!

अशा मनःस्थितीत एका रविवारी मी कुमुदचा कागद हातात घेतला. ती आत पोळ्या लाटत होती. कडेला सरंजाम्यांनी पेन्सिलीने उतरवून दिलेले नायरांचे आकडे होते. मी ते वाचले, मग कुमुदच्या स्वतःच्या सगळ्यात वरच्या ओळीतले आकडे वाचले. ते तेच होते. दुसऱ्या कडेला मुखर्जीबाईंचे आकडे होते. तिथेही तेच. आणि मला एकदम इतके हसू आले, की कुमुद लाटणे घेऊन बाहेर आली.

पेटी चौकोनी होती. नळी बरोबर मध्ये होती. वरचा अर्धा खालच्या अर्ध्याचा आरसा, डावा उजव्याचा आरसा. नायरबाईंच्या कडेला काय आकडे आहेत हे विचारायला सायकल काढायची गरजच नव्हती. ते कुमुदच्या कागदावर आधीच लिहिलेले होते. एकाच भागाचे काम करायचे, आणि उरलेले तीन भाग म्हणजे त्याचीच प्रतिबिंबे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळणारी ही गोष्ट या थोर गणितज्ञाच्या लक्षात आली नव्हती! चार घरे, चार कागद, रसमच्या पुड्या, लोणच्याच्या बरण्या, आणि काम फक्त एका घराचे!

तिवारींचा मुलगा आज जे म्हणतो, ते मी त्याच्या जन्माआधी म्हटले होते. फरक एवढाच, की मी विचारायला गेलो.

आठवडाभरात आढाव्याची बैठक होती. नव्या इमारतीत माझ्यासाठी मोठी टाकी बांधायची की नाही, हे वर्मासाहेब त्या बैठकीत ठरवणार होते. ही मागणी मी अनेक वर्षे लावून धरली होती. आता माझ्या हातात असे काही होते, की कागदाचा हा सारा डोलारा एका वाक्यात खाली आला असता आणि टाकीला पर्याय उरला नसता. मी ते वाक्य हिंदीत घोटून ठेवले होते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी सरंजामे मला बरखेड्याच्या बाजारात भेटले. सायकल पंक्चर झाली होती आणि पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, म्हणजे त्यांना पळून जाता येणार नव्हते.

"सरंजामे," मी म्हणालो, "पेटी दोन्ही अंगांनी सारखी आहे."

"आहे जी."

"म्हणजे एक पाव भाग काढला की पुरे. बाकी आरसा."

"हो."

त्यांच्या 'हो'मध्ये आश्चर्याचा लवलेश नव्हता. मी वाट पाहिली. ते ट्यूबकडे पाहत होते.

"तुम्हांला माहीत होतं?"

"काहून नाही माहीत, देवधर? कॉलेजात शिकवतात हे. पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग चार घरं कशाला?"

पंक्चरवाल्याला भोक सापडले. त्याने तिथे खडूची खूण केली. सरंजाम्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"एक पाव म्हणजे एक घर झालं," ते म्हणाले. "एकाच घरी माणूस रोज कसा जाईल? पहिले काही दिवस लोक बसा म्हणतात, मग घड्याळाकडे पाहायला लागतात. चार घरं असली म्हणजे कामासारखं जाता येते. कोणाला वाटत नाही, हा बसायला आला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोलण्यासारखे पुष्कळ होते. घोटलेले वाक्य तर तोंडात तयारच होते.

"तुम्ही सांगून टाका उद्या," ते म्हणाले. "खरं आहे ते. वेळ वाया जातो बायकांचा." मग जरा थांबून, "वहिनींचा हात फार चांगला आहे बरं. तो एक भाग त्यांच्याकडेच ठेवा म्हणावं."

मी घरी आलो. त्या रात्री मला नीट झोप लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रसंगी माणसे तळमळतात असे लिहिण्याची रीत आहे. सत्य मला ठाऊक होते, टाकी माझी होती आणि माझा निश्चय झालेला होता.

बैठकीत मला काही सांगावेच लागले नाही. वर्मासाहेबांनी चारही कागद टेबलावर जोडून पाहिले आणि बोट नळीवर ठेवले.

"सरंजामेजी, ये तो चारों तरफ़ से एक-सा है। फिर चार काग़ज़ क्यों? एक कीजिए, यहीं दफ़्तर में बैठकर। घर-घर क्यों घूमना?"

सरंजामे उभे राहिले. "जाँच हो जाती है साहब," ते म्हणाले. आवाज इतका खाली, की कोणाला नीट ऐकू आले नसावे. "चारों मिल जाएँ तो भरोसा रहता है।"

"जाँच?" वर्मासाहेब माझ्याकडे वळले. "जाँच के लिए देवधर की टंकी है ना! टंकी से मिला लीजिए। देवधर की टंकी कभी झूठ बोली है?"

वाचकहो, या वाक्यासाठी मी किती वर्षे वाट पाहिली होती, हे मी कोणाला सांगू शकत नाही. साऱ्या विभागासमोर, नायर, तिवारी, मुखर्जी सगळे बसलेले असताना, आणि आपणहून! नव्या इमारतीतली टाकी मला त्या क्षणी भरलेली दिसत होती.

सरंजामे कागदांच्या कडा सारख्या करीत होते. पुन्हा पुन्हा करीत होते; कडा केव्हाच सारख्या झाल्या होत्या.

मी उभा राहिलो.

"साहब," मी म्हणालो, "टंकी पर अभी भरोसा न करें। चारों कोनों में रीडिंग अलग-अलग आ रही है।"

"अलग? पर पेटी तो एक-सी है!"

"जी। टंकी टेढ़ी है।"

मागे कोणीतरी हसले. तिवारी असावेत. वर्मासाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ते हुशार गृहस्थ होते. त्यांना काय समजले, ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. शेवटी म्हणाले, "तो जब तक टंकी सीधी न हो, चारों काग़ज़ चलने दीजिए। और देवधर, बड़ी टंकी की बात फिर कभी।"

इथे एक खुलासा करून ठेवतो, कारण मंडळातले काही लोक याही गोष्टीला भलताच रंग देतील. मी हे दयेपोटी केले नाही. चार माणसांनी स्वतंत्रपणे काढलेले चार भाग एकमेकांशी जुळले तर बेरजेतली चूक पकडली जाते. ती शास्त्रीय तपासणीची उत्तम रीत आहे आणि सरंजाम्यांना ती नीट मांडता आली नाही, म्हणून मी मांडण्यास वाव करून दिला. शिवाय सरंजाम्यांचे येणे बंद झाले असते तर कुमुदने त्याचे कारण मलाच विचारले असते. सरंजाम्यांचा मला हेवा वाटे, तो त्यानंतरही वाटत राहिला, आणि खरे सांगायचे तर आजही वाटतो. माझ्या सभेला टाळ्या पडणार नाहीत.

त्या दिवसापासून कारखान्यात "देवधर की टेढ़ी टंकी" हा वाक्प्रचार रूढ झाला. कॅन्टीनमध्ये टेबल डगमगले तरी लोक माझे नाव घेत. निवृत्तीपर्यंत तो माझ्या मागे राहिला, आणि पाठकांसारखे लोक अजूनही ती टाकी वाकडी होती असे समजतात. ती कधीही वाकडी नव्हती. हे मी लेखी देण्यास तयार आहे.

आणि याला एक साक्षीदार होता.

बैठकीनंतर दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेचे दार वाजले. दारात सरंजामे. हातात बांधकाम विभागातून मागून आणलेली, पातळी पाहायची पाणसळ.

"टाकी सरळ करून देतो म्हटलं," ते म्हणाले. "माझ्या कागदापायी तुमचं काम अडायला नको."

मी बाजूला झालो. त्यांनी पाणसळ टाकीच्या काठावर लांबीत ठेवली आणि वाकून पाहिले. मग रुंदीत ठेवली. मग काढली, दोन्हीकडे उलट्या दिशेने ठेवली, पुन्हा वाकले. पाणसळ खरी आहे की नाही हे तपासण्याची तीच रीत आहे, आणि माणूस कामात पक्का होता हे यावरून दिसेल. चारही वेळा बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये उभा होता.

सरंजामे सरळ झाले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

"काहून हो, देवधर?"

"तुमची पाणसळ बिघडली असेल," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून सिगारेटच्या रिकाम्या पाकिटाचा पुठ्ठा काढला. सिगारेट ते ओढत नसत. तो पुठ्ठा कुठून उचलला होता कोण जाणे. त्याच्या घड्या घालून जाड पाचर केली, गुडघ्यांवर बसले, एका हाताने टाकीचा पाय उचलला आणि ती खाली सरकवली. काचेवरचे पाणी हळूच एका अंगाला गेले आणि थांबले. माझ्या टाकीला माझ्याखेरीज हात लावणारे ते पहिले आणि शेवटचे.

"वर्मासाहेब पाहायला येतील ना जी," उठताना ते म्हणाले. "त्यांना वाकडी दिसायला पाहिजे."

"इतक्या वर्षांत तुम्ही इथं कधी आला नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

"तुम्ही कधी बोलावलं?"

प्रयोगशाळेत स्टूल एकच होते. ते मी त्यांच्याकडे सरकवले आणि हीटरवर चहाचे आधण ठेवले. साखर किती घालायची, हे मला विचारावे लागले नाही. त्यांच्या कपात कुमुद घालीत असताना इतक्या संध्याकाळी मी ते निरखून पाहत आलो होतो.